दुसऱ्या टँकरची नोंद

लातुरातल्या एका शिक्षणसंस्थेच्या फाटकाशी एक हेलिकॉप्टर उभं आहे. सिमेंटच्या ओट्यावर, लोखंडी खांबाला जखडलेलं. क्लासेसची पोरं त्याच्या पोटाखाली उभी राहून मोबाईलवर फोटो काढतात आणि मग भौतिकशास्त्राच्या तासाला पळतात. मी त्या रस्त्यानं जाणं टाळतो. त्या यंत्राची अर्धी हयात माझ्या हातांखाली गेली, आणि मला त्याचं तोंडही बघायची इच्छा नाही.

लोकांना वाटतं, फौजेतला माणूस आपल्या यंत्रावर जीव टाकतो. टाकत असतील कुणी. मी फक्त नटबोल्ट आवळले.

हे भंगार बसवायचं ठरलं तेव्हा संस्थेचे सचिव माझ्या घरी आले. पांढरे बूट, हातात कोरा कागद. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की गावात याच यंत्रावर काम केलेला एक म्हातारा हवालदार राहतो. म्हणाले, "याचा सेवा-इतिहास दहा ओळींत लिहून द्या. बोर्डावर टाकायचाय. जरा प्रेरणादायी होऊ द्या." प्रेरणादायी हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. त्यांना चहासुद्धा विचारला नाही. पण कागद ठेवून घेतला, कारण दुसऱ्या कुणी लिहिलं असतं तर नुसत्या थापा लिहिल्या असत्या. थापा मारायच्याच तर त्या माझ्या असाव्यात, असं काहीतरी मनात असणार.

तर इतिहास. मी देवणीजवळच्या एका खेड्यातला. नांदेडला आयटीआयमधून फिटर झालो आणि फौजेत गेलो. माझ्या सर्व्हिस बुकात पत्ता लिहिला गेला, जिल्हा उस्मानाबाद. मी युनिटला पोचलो त्याच सुमाराला हे यंत्रही नवंकोरं आलं, रंगाचा वास मारत. मला पहिल्याच दिवशी त्याची शेपटी पुसायला लावली. तिथून आमची सोयरीक.

त्याचं काम टेहळणीचं. अंगावर बंदूक नाही, तोफ नाही. पुढं काचेचा मोठा फुगा, त्यात दुर्बीण घेऊन अधिकारी बसणार आणि खाली तोफांचे गोळे कुठं पडतात ते बघून डावीकडं घ्या, उजवीकडं घ्या सांगणार. स्वतः हात काळे करायचे नाहीत, दुसऱ्याकडून करून घ्यायचे. आमच्या गावात असे दोन पुढारी होते, त्यामुळं मला ही जात ओळखीची होती.

डोंगरात ते बरं चालायचं, हे मान्य करतो. जिथं माणसाला चार पावलं टाकली की धाप लागते, तिथं ते चढून जायचं. जाताना रॉकेलचे डबे, बटाटे, पत्रं. येताना पाय काळे पडलेला एखादा जवान. हलकं यंत्र, त्यामुळं माणूस घ्यायचा तर सामान खाली ठेवायचं. एकदा मागची सीट काढून मी एका पोराला आत सरकवला. त्यानं माझी बाही इतकी घट्ट धरली होती की त्याची बोटं एकेक करून सोडवावी लागली. तो वाचला. दोन महिन्यांनी त्याचं आभाराचं पत्र आलं, वैमानिकाच्या नावानं. मी तिथंच उभा राहून ऐकलं.

यंत्र एक तास उडालं की खाली आम्ही बाकीचा दिवस त्याच्या सेवेत. थंडीत पाना हाताला चिकटायचा, ओढून काढला की कातडी पान्याबरोबर जायची. माझ्या दोन बोटांना आजही ठसा नाही. आधार कार्डाच्या वेळी त्या बाईनं चारदा बोट दाबून बघितलं आणि माझ्यावरच वैतागली. डावा कान गेला तो वेगळाच. आणि या सगळ्यावर एक वही. प्रत्येक यंत्राची एक नोंदवही असते. कुठं उडालं, काय बिघडलं, काय बदललं, जमीन कशी होती, सगळं लिहायचं आणि खाली सही करायची. आमच्यात नियम होता: नोंद नाही, म्हणजे ते घडलंच नाही. पहिल्या आठवड्यात हे वाक्य आमच्या डोक्यात ठोकून बसवतात. मी ते फार चांगलं शिकलो.

मग दुष्काळ पडला आणि यंत्राला आमच्याच मुलखात धाडलं. वरून दुष्काळाची टेहळणी करायची होती. दुष्काळ काही शत्रूसारखा लपून बसत नाही. आमच्या कुठल्याही विहिरीत वाकून बघितलं असतं तरी काम झालं असतं. पण मोठ्या माणसाला वरून बघायचं होतं, आणि मधे एका ठिकाणी उतरून लोकांना भेटायचंही होतं.

यंत्र नांदेडच्या धावपट्टीवर थांबलं. मला दोन माणसं, इंधनाची पिंपं आणि वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी देऊन ट्रकनं पुढं पाठवलं. "तू उधर का है ना? तू जा." उतरायची जागा देवणीजवळच्या शाळेचं मैदान. म्हणजे माझ्या गावापासून हाकेच्या अंतरावर, आणि माझ्या थोरल्या बहिणीच्या वस्तीपासून दोन कोस.

आमचा जिल्हा तेव्हा नुकताच झाला होता. लातूर जिल्हा म्हणायला जीभ वळत नव्हती, म्हातारी माणसं अजून उस्मानाबादच म्हणायची. जिल्हा नवा, अधिकारी नवे, शिक्क्यांची शाई ओली. दुष्काळ तेवढा जुना. नव्या जिल्ह्याला आपण कामाचे आहोत हे दाखवायची भारी घाई. जिल्ह्यानं माझ्याबरोबर दिलेला अधिकारी तरुण होता, उदगीरकडचा, आणि मला 'हवालदारसाब' म्हणताना खरोखर उभा राहत होता. ज्या मुलखात मी चड्डीवर ढोरं वळली, तिथं सरकारी माणूस माझ्यासाठी उभा राहतो, हे मला आवडलं. फार आवडलं. तिथूनच सगळं बिघडलं.

धूळ ही असल्या यंत्राची वैरीण. उतरताना पात्याच्या वाऱ्यानं धूळ उठते, वैमानिकाला जमीन दिसेनाशी होते, बारीक माती इंजिनात जाते. म्हणून जमीन ओली हवी. अधिकाऱ्यानं टँकर मागवला. पिण्याच्या पाण्याचा. दुसरा कुठला आणणार? गावोगाव तेच टँकर फिरत होते, विहिरीत पाणी सोडायचे आणि बाया ते शेंदून न्यायच्या. त्या टँकरनं सकाळी मैदान भिजवलं. मी बूट आपटून बघितला. धूळ उडाली नाही. उतरायच्या जागेवर चुन्यानं आखलेला 'एच' नीट होता. मी वहीत लिहिलं: जमीन ओली, धूळ नाही. सही केली आणि लिंबाखाली ठेवलेली पिंपं तपासायला गेलो.

परत आलो तर मैदानभर बाया.

आमच्या बायांची सवय आहे, ओली जमीन दिसली की त्यांच्या हाताला राहवत नाही. सडा पडलाय, मोठा माणूस यायचाय, मग रांगोळी नको? आजूबाजूच्या वस्त्यांवरच्या वीस-पंचवीस जणी घरून डबे घेऊन आल्या होत्या. 'एच'च्या भोवती वेल, कोपऱ्यात कमळं, सगळीकडं गोपद्मं, आणि मधे चिमटीचिमटीनं भरलेला गुलाल. जिथं धुळीचा कण नको, तिथं त्यांनी किलो-किलोनं पूड पसरली होती. ज्यांच्या घरात प्यायला पाणी नाही त्या बाया पाहुण्यासाठी रांगोळी काढत बसल्या होत्या. याला काय म्हणावं मला आजही कळत नाही.

'एच'च्या आडव्या दांडीवर बसलेली बाई उठली. ती माझी आक्का होती.

आमच्या सीमेवरच्या घरांत कानडी शब्द मुरलेले असतात. धाकट्या भावाला तम्मा म्हणतात. माय लवकर गेली, मला आक्कानंच वाढवलं, आणि ती मला कधी नावानं हाक मारत नसे. कोपरापर्यंत पांढरे झालेले हात पुढं करून ती हसली. "तम्मा, बघ की. कसं काढलंय? मोठं कमळ माझं हाय."

अधिकारी बघत होता. माझी दोन माणसं बघत होती. मी आक्काला ओळख दिली नाही. मी ओरडलो, आणि तेसुद्धा हिंदीत. "हटाव ये सब! किसने बोला था? निकलो यहाँ से, सब निकलो!"

बाया आधी हसल्या, मग एकमेकींकडं बघितलं, मग डबे उचलून दोरीपलीकडं गेल्या. आक्का सगळ्यात शेवटी गेली. तिनं मागं वळून बघितलं नाही.

अधिकारी म्हणाला, "साब, खराटे हायत शाळेत. पोरं लावून खरडून घेऊ का?" खराट्यानं वीस मिनिटांत झालं असतं. रांगोळी ओल्या जमिनीवर बसली होती, पोत्यात भरून नेली असती तर कणही उरला नसता. हे मला तेव्हाही कळत होतं. पण माझा पारा चढला होता आणि मला हुकूम सोडायचा होता. म्हणालो, "धुऊन काढा. दुसरा टँकर बोलवा."

"दुसरा वस्त्यांच्या खेपेला निघालाय."

"मग वळवा."

हे दोन शब्द. कुठल्या वस्त्यांची खेप, हे मी विचारलं नाही. विचारलं नाही म्हणजे मला माहीत नव्हतं, असं मी पुढं कित्येक वर्षं स्वतःला सांगत होतो. टँकर आला, तोटी उघडली, आणि आक्काचं कमळ गुलालासकट वाहून शाळेच्या कुंपणाला लागलं.

यंत्र आलं. पाणी जास्त झालेलं, मैदानाचा चिखल झाला होता. यंत्राची पायटी, म्हणजे पोटाखालच्या लोखंडी दांड्या, दोन बोटं रुतली. मोठा माणूस उतरला, त्याचा बूट चिखलात गेला. त्यानं खाली बघितलं आणि हसून म्हणाला, "इकडं तर बरीच ओल दिसतेय की!" सगळे हसले. अधिकारीही हसला. चहा झाला, हार झाले, निवेदनं झाली, आणि यंत्र सगळ्यांच्या तोंडावर वारा मारून निघून गेलं. मी वही उघडली. सकाळची नोंद तशीच होती: जमीन ओली, धूळ नाही. खाली काही लिहिलं नाही.

संध्याकाळी पिंपं ट्रकात चढवून मी आक्काच्या वस्तीवर गेलो. माणसं ट्रकात थांबली. आमच्याकडं उन्हातून आलेल्या माणसाला आधी गूळ आणि तांब्याभर पाणी, मग बाकीचं बोलणं. वैरी आला तरी ही रीत चुकत नाही. आक्का आतून आली. एका हातात वाटीत गुळाचा खडा, दुसऱ्या हातात तांब्या. त्या घरात त्या दिवशी तांब्याभर पाणी म्हणजे काय होतं, ते मला दारातल्या पालथ्या घागरीवरून कळायला हवं होतं.

तिनं गुळाची वाटी माझ्यापुढं ठेवली. तांब्या हातातच होता. म्हणाली, "आमची खेप आली न्हाई आज. दुसरा टँकर कुनी वळवला?"

मी म्हणालो, "वरून हुकूम होता."

ती तांब्या घेऊन आत गेली आणि रिकाम्या हातानं बाहेर आली. "खावा गूळ, पावणं," म्हणाली.

गूळ खाल्ला की तहान दुप्पट होते. मी तो खाल्ला. वस्तीवरून ट्रककडं चालत जाताना मला संताप आला होता, आणि तो तिचा. म्हटलं, हिला कळतं काय? नोकरी काय असते, यंत्र काय असतं, हिला कुठलं ठाऊक?

त्या वस्तीवर पुढचा टँकर चार दिवसांनी आला. आक्काची एक देवणी गाय होती, लग्नात माहेरून दिलेल्या गाईच्या वंशातली. अंगावर काळे ठिपके, तोंडाची एक बाजू काळी. गाभण होती. तिसऱ्या दिवशी दाजींनी तिला उदगीरच्या वाटेवरच्या गुरांच्या छावणीकडं चालवत नेलं, आणि ती वाटेतच बसली. पुन्हा उठली नाही. हे मला पत्रातून कळलं, ते पत्रही दाजींचं. तोवर यंत्र परत डोंगरात गेलं होतं आणि मी त्याच्याबरोबर.

त्यानंतर मी सुट्टीवर आलो की आक्काकडं जायचो. दरवेळी गुळाची वाटी यायची, पाणी यायचं नाही. दरवेळी 'पावणं'. भांडण नाही, टोमणा नाही, जेवायलाही वाढायची. जेवताना पाणी लागलं तर दाजी उठून द्यायचे. भाचीच्या लग्नात मी आहेर केला, तो घेतला. पण तिच्या हातचं पाणी नाही. मीही हट्टी, मागितलं नाही. म्हटलं, माझ्या फौजेला ही मुलूखभर दोष देते काय! त्या यंत्राचा राग माझ्यावर काढते काय! असल्या विचारांवर मी बरीच वर्षं काढली.

यंत्राचं पुढं काय झालं? म्हातारं झालं. डोंगरातून काढून नव्या पोरांना शिकवायला ठेवलं, पोरांनी त्याला आपटलं, आम्ही सरळ केलं. मग त्याचे तास भरले. इंजिन काढलं, आतली उपकरणं काढली, नुसतं टरफल उरलं. मी त्याच्या आधी निवृत्त झालो. आणि आता ते माझ्या मागं लातुरात येऊन उभं राहिलंय, जसा काही त्याच्यासाठी देश कमी पडला होता.

सचिवांना मी दहा ओळी दिल्या. दुष्काळाची ओळ लिहिताना पेन बराच वेळ थांबलं. शेवटी लिहिलं, 'दुष्काळी भागाची हवाई पाहणी.' खोटं नव्हतं. बोर्ड लागला तेव्हा सचिवांनी त्यात आपली प्रेरणा घातलेली होती: 'भीषण दुष्काळात तहानलेल्या मराठवाड्याच्या मदतीला धावून आले.' मी त्यांच्या केबिनमध्ये जाऊन मोठ्यानं बोललो. ते म्हणाले, "अहो, कोण वाचतंय?" हे मात्र त्यांचं खरं होतं.

गेल्या उन्हाळ्यात आक्का डोळ्याच्या ऑपरेशनला लातूरला आली. दाजी वारले, भाची पुण्याला, म्हणून मीच तिला नेलं-आणलं. पट्टी निघाली त्या दिवशी रिक्षात म्हणाली, "ते तुझं इमान इथंच हाय म्हनं. दाव की."

तिला हेलिकॉप्टर म्हणता येतं, पण त्याला तेवढा मान द्यायचा नसतो. मी टाळलं. ती रिक्षावाल्यालाच म्हणाली, "घे रे बाबा तिकडं."

आम्ही फाटकाशी उभे राहिलो. नव्या डोळ्यांनी तिनं त्याला चारी बाजूंनी बघितलं. "बारकंच हाय की," म्हणाली. मग बोर्डाकडं बोट केलं. "काय लिवलंय? वाच."

तिला वाचता येत नाही. मी दुष्काळाची ओळ गाळू शकलो असतो. तोंडातून ती ओळ बाहेर पडली तेव्हा मला स्वतःचीच किळस आली. 'तहानलेल्या मराठवाड्याच्या मदतीला धावून आले.'

आक्का म्हणाली, "आनि दुसऱ्या टँकरचं?"

"ते नाही लिहिलेलं."

"का?"

उन्हात पोरं फोटो काढत होती. एकानं मला बाजूला व्हायला सांगितलं, मी त्याच्यावर खेकसलो. मग आक्काकडं न बघता म्हणालो, "वरून हुकूम नव्हता, आक्का. मी वळवला तो टँकर. खराट्यानं भागलं असतं. मलाच मस्ती चढली होती."

"ठावं हाय," ती म्हणाली. "टँकरवाल्यानं त्याच दिशी मैदानावरच सांगितलं. तू यायच्या आदी."

म्हणजे तांब्या हातात धरून ती मला विचारत होती तेव्हा तिला सगळं ठाऊक होतं. तिला टँकरचा पत्ता नको होता.

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"मी कशाला बोलू? वळवला तू, बोलायचं तू." आणि मग, पोरांकडं बघत, "चल. ऊन लागायलंय डोळ्याला."

आठवड्यानं तिला वस्तीवर सोडायला गेलो. तिनं कुलूप काढलं, मी ओसरीवर बसलो. ती आत गेली, भांडी वाजली, गुळाची वाटी आली. माझ्यापुढं ठेवली आणि ती समोर बसून पदरानं वारा घ्यायला लागली. हात रिकामे होते. मी गुळाकडं बघत बसलो. मला वाटलं, संपलं, आता हे मरेपर्यंत असंच.

"आक्का," मी म्हणालो, "पाणी दे."

इतक्या वर्षांत मी तिच्याकडं पहिल्यांदा मागितलं होतं.

ती वारा घेत राहिली. "रांजन तितंच हाय, दाराआड. घे की हातानं. पावना हायस व्हय तू?"

मी उठलो. रांजणावरचं ताट बाजूला केलं, तांब्या बुडवला. पाणी तळाला होतं, हात खांद्यापर्यंत आत घालावा लागला. आम्ही लातुरात होतो तोवर शेजारणीनं तिच्यासाठी त्यात थोडं पाणी टाकून ठेवलं होतं. टँकरच्या पाण्यानं.